तुले वेळ होता काय

तात्यापारा, रायपुर
११ नोव्हेंबर २०२४

इंदू,

मी तुझा फोन उचलत नाही हे तुला कळलंच असेल. उचलणारही नाही. ईराला सांगून माझ्या मोबाइलवर तुझा नंबर बंद करवून घेतला आहे. इथे सगळ्यांची तब्येत ठीक आहे, कोणाला काही झालेलं नाही, तेव्हा घाबरू नको. पण हे पत्र उभ्या उभ्या वाचू नको.

पाडव्याला ईराने ह्यांच्यासाठी नवा मोबाइल आणला. जुन्यातलं सगळं नव्यात घालायचं म्हणून ती परवा दुपारी इथे आली होती. हे ऑफिसच्या कामाने बाहेर गेले होते. मी तिच्या शेजारी बसून लसूण सोलत होते. पोट्टी एकदम हसून म्हणाली, "माँ, बाबा तो छुपे रुस्तम निकले. मौसी को रोज़ फोटो भेजते हैं."

मलाही आधी बरंच वाटलं. म्हटलं, दाखव.

गोल बाजारातली एक फुलवाली होती. झेंडूची माळ ओवताना दोऱ्याचं टोक तिने पायाच्या अंगठ्यात धरलं होतं. खाली ह्यांनी लिहिलं होतं, 'इंदू, हिला तीन हात आहेत.' मी हसले. दुसऱ्यात नव्या रायपुरचा तो रुंद रस्ता होता आणि झाडणाऱ्या बाया दुभाजकावर एका ओळीत बसून एकाच वेळी डबे उघडत होत्या. मग बसच्या काचेवरचं दव. एका बंद फाटकावर कोळ्याने विणलेलं जाळं. शिंप्याच्या दुकानात काळ्या कापडावरच्या खडूच्या रेघा. ईरा बोटाने सरकवत होती आणि ते संपत नव्हतं. २०२३ आलं, २०२० आलं, २०१७ आलं. मी म्हटलं, पहिला कधीचा? तो निघाला सप्टेंबर २०१५ चा. तुझ्या दिवाकररावांना जाऊन तेव्हा महिना झाला होता.

मोबाइल आपणच मोजतो. तीन हजारांच्या वर होते, इंदू.

आणि मधेमधे मी होते. लाल भाजी धुताना माझे हात, मनगटापर्यंत जांभळे. धुतलेले केस पाठीवर सोडून मी गॅसपाशी उभी. भाताच्या वाफेने धुरकटलेली खिडकी आणि तिच्यातून दिसणारी माझी अर्धी पाठ. कधी काढले, मला पत्ता नाही. 'तुझ्या ताईला कळू देऊ नको, वैतागेल,' असं एकाखाली लिहिलं आहे. तू त्याच्याखाली तोंडावर बोट ठेवलेलं चित्र पाठवलं आहेस.

मग कदंब आला. बूढ़ा तालाबाच्या काठचा, २०१९ च्या पावसाळ्यातला. खाली लिहिलं होतं, 'कोणीतरी रात्रभर लाडू वळले आणि सकाळी झाडाला टांगून ठेवले.' त्यावर तू म्हणतेस, 'भाऊजी, तुम्ही कवी आहात.' आणि त्यांनी हात जोडले आहेत.

इंदू, ते वाक्य माझं आहे. लग्नाला तीन महिने झाले होते. स्कूटरवर मागे बसले होते आणि त्याच झाडाखाली मी ते ह्यांना म्हणाले होते. ह्यांनी "हव" म्हणून स्कूटर सुरू केली. मला वाटलं, ऐकलंच नाही. एकतीस वर्षं मला तसंच वाटत होतं.

नऊ वर्षं दर रविवारी आपण बोललो. मी तुला किती वेळा म्हणाले असेन, माझा नवरा म्हणजे दगड आहे, त्याला मिठाशिवाय काही कळत नाही. तू हसायचीस. तू काहून हसायचीस, ते मला परवा कळलं.

एवढंच कळव. लपवायचं त्यांनी ठरवलं, की तू?

विमल


नवा रायपुर
२० नोव्हेंबर २०२४

इंदू,

पत्ता बदललेला दिसेल. मी ईराच्या फ्लॅटवर आहे. किती दिवस, ते माहीत नाही. तुझं उत्तर अजून आलेलं नाही, पण मधे इथे जे झालं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहिते आहे. नाही तर त्यांच्याकडून ऐकशील.

मी चार दिवस काही बोलले नाही. त्यांच्या लक्षातही आलं नाही. आमच्याकडे न बोलणं म्हणजे वेगळं काही नसतंच. पाचव्या दिवशी सकाळी ते बसला निघताना मी पुढ्यात जाऊन उभी राहिले आणि त्यांच्या खिशातला मोबाइल काढून कदंबाचा फोटो समोर धरला.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ह्यात वाईट काय आहे?" म्हणाले.

"वाईट असतं तर बरं झालं असतं," मी म्हटलं. "भांडता आलं असतं. तीन हजारांतला एक तरी मले दाखवायचा."

ते दारात तसेच उभे होते, हातात डबा. आवाज चढवला नाही, टोमणाही नव्हता. साधं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "तुले वेळ होता काय?"

आणि बस चुकेल म्हणून निघून गेले.

इंदू, मी त्या दिवशी जे केलं ते कोणाला सांगितलेलं नाही. ईराला म्हटलं होतं जुना मोबाइल टाकू नको. तो घेऊन मी बसले आणि तारखा पाहत गेले. कोळ्याचं जाळं आहे ना, ते १७ जानेवारी २०१८ चं आहे, सकाळी सहा पन्नासचं. २०१७ च्या दिवाळीनंतर सासूबाई पडल्या आणि खुबा मोडला, तुला आठवत असेल. सहा पन्नासला मी त्यांना कुशीवर वळवून पाठ पुसत होते. त्याआधी त्यांचं भांडं उचललं होतं, ह्यांचा डबा भरला होता, ईराला हाका मारून उठवलं होतं. सव्वासातला माझ्या शाळेची घंटा. तेव्हा शिकवत होते, वर्गात बेचाळीस मुलं. आई त्यांची होती, इंदू. माझी नव्हती. तीन वर्षांवर त्या अंथरुणात होत्या आणि मी कधी हे बोलून दाखवलं नाही. आज दाखवते आहे.

तो माणूस जाळ्यापाशी थांबून दव पाहू शकला, कारण त्याच्या घरी मी थांबत नव्हते. मला वेळ नव्हता तो कशात गेला, हे त्यांनी मला विचारावं?

दुपारी पिशवी भरली आणि इकडे आले. ईराला वाटलं होतं दोन दिवस राहीन. ती परवा म्हणाली, "माँ, अफेयर होता तो मैं आपके साथ खड़ी होती. पर ये तो ओस और फूल हैं."

मी म्हटलं, "तेच तर."

"मतलब?"

"बाईपाशी गेला असता तर जे माझ्यापाशी नाही ते आणायले गेला, असं म्हटलं असतं. हे माझ्यापाशी होतं. लग्नाआधीपासून होतं."

तिला कळलं की नाही, माहीत नाही. तिला मराठी सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीतच येतं.

तू तर लहानपणी माझ्याजवळ झोपायचीस. वर्ध्याच्या त्या खोलीत कौलातून ऊन यायचं आणि त्यात धूळ उडायची, तर मी तुला सांगायचे की ही सूर्याची पिठाची गिरणी आहे. कदंबाच्या लाडवांत माझी बोली तुला ओळखू आली नाही?

विमल


नवा रायपुर
४ डिसेंबर २०२४

इंदू,

तुझं पत्र मिळालं. आठ पानं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, वेलांट्या ओळीबाहेर जातात.

दिवाकररावांच्या नंतर तू भिंतीकडे तोंड करून पडून राहायचीस, खिडकी उघडत नव्हतीस, शाळेत बिनपगारी रजा टाकली होतीस, हे मला इतकं माहीत नव्हतं. तू रविवारी फोनवर "ठीक आहे गं" म्हणायचीस आणि मला तेच हवं असायचं. मग एक दिवस ह्यांचा पहिला फोटो आला, तोही झाडूवाल्या बायांचाच, आणि खाली फक्त 'ऊठ, हे पाहा' एवढंच. आणि तू उठलीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तू लिहितेस, 'ताई, मी भाऊजींसाठी नाही, पुढच्या दिवशी काय येते ते पाहायले उठत होते.' हे वाचून मला काहीच वाटलं नाही असं लिहिणार होते. वाटलं.

लपवायचं कोणी ठरवलं, ते तू सरळ सांगितलंस, हे बरं केलंस. ते म्हणाले, ताईला सांगू नको, ती हसेल. आणि तू मानलंस. एका वर्षासाठी मानलं असतंस तर मी समजू शकले असते. तू बरी झालीस, शाळेत जायला लागलीस, ईराच्या पदवीला इथे येऊन चार दिवस राहून गेलीस. माझ्या स्वयंपाकघरात बसून भाजी निवडलीस. तेव्हा सकाळी त्यांचा फोटो तुझ्या मोबाइलवर आलाच असेल, ना? ते बाहेरच्या खोलीत, तू आत आणि मी मधे पोळ्या लाटत.

आणि बोलीचं. तू लिहिलंस की पहिल्याच वेळी ओळखली होतीस. 'ताई, तू फोनवर सासूबाईंच्या औषधांशिवाय काही बोलत नव्हतीस. त्यांच्या फोटोखाली तू बोलायचीस. मले माझी ताई तिथे भेटायची.'

हे वाक्य मी ईराला वाचून दाखवलं. तिचे डोळे भरले. माझे नाही. माझं बोलणं माझ्या नवऱ्याकडून चोरून ऐकायचं आणि मला रविवारी औषधांची नावं विचारायची? तुला ताई पाहिजे होती तर मला म्हणायचं होतंस, ताई, तू अशी काहून झालीस? एकदा तरी म्हणायचं होतंस. मी रागावले असते. मग कदाचित रडले असते. तू मला रडू दिलं नाहीस, कारण तुझं काम भागत होतं.

शेवटी तू लिहिलं आहेस की त्यांना तुझी विचारपूस करायला मीच सांगितलं होतं. मी असं काही सांगितलं नव्हतं. तुझ्या ध्यानात चूक असेल, नाही तर त्यांनी तुला खोटं सांगितलं असेल.

वरचं काल लिहिलं होतं. खोडत नाही, पण ते खरं नाही.

सांगितलं होतं. तेराव्यानंतर वर्ध्याहून परत येताना, गाडीने गोंदिया ओलांडलं होतं. तू फलाटावर माझा हात सोडत नव्हतीस, ते मला सगळ्या वाटेत दिसत होतं. मी ह्यांना म्हणाले, "तुम्हीच लावत जा तिले फोन कधीमधी. मले तिचं रडणं ऐकवत नाही. अन् वेळही नाही." ते खिडकीबाहेर पाहत होते. "पाहतो," म्हणाले.

तर तुला त्यांच्या हाती मीच दिलं. हे मला मान्य आहे. पण मी खुशाली विचारायला सांगितलं होतं, इंदू.

विमल


नवा रायपुर
१९ डिसेंबर २०२४

इंदू,

तुझं दुसरं पत्र आलं. येते म्हणतेस. येऊ नको.

गेल्या आठवड्यात डोळे तपासायला रायपुरात जायचं होतं. ईरा म्हणाली, कॅब करते. मी म्हटलं, बसने जाते. उजवीकडच्या खिडकीची जागा घेतली, कारण फोटोंवरून कळतं की ते सकाळी इकडे ऑफिसला येताना डावीकडे बसतात, म्हणजे परतीला तीच बाजू उजवीकडे. मुद्दाम पाहायला बसले. हे इतकी वर्षं काय पाहतात, ते मला पाहायचं होतं.

मला काही दिसलं नाही. तळं आलं, तर त्यांनी त्याच्याखाली काय लिहिलं होतं तेच आठवलं. बाया डबे उघडून बसल्या होत्या, तर वाटलं, हे इंदूचं आहे. जिथे नजर टाकावी तिथे ते आधी जाऊन आले होते आणि तुला देऊन झालं होतं. मी एक स्टॉप आधीच उतरले.

पुढे गोल बाजारापर्यंत पायी गेले. ती फुलवाली होती. तशीच, दोरा अंगठ्यात. मी बराच वेळ पाहत उभी राहिले असेन, कारण ती म्हणाली, "का देखत हस दाई? माला लेबे?"

मी एक माळ घेतली आणि विचारलं, कोणी चष्मेवाले साहेब तुझा फोटो काढतात काय. ती हसली. "हव, वो बाबू. बने आदमी हे. पूछ के लेथे, अउ मोला देखाथे घलो."

विचारून घेतात, इंदू. आणि तिला दाखवतातही. तिला दाखवतात, तुला दाखवतात. माझे हात मात्र न विचारता घेतले.

ती माळ मी बाजाराच्या नळावर टांगून आले.

रविवारी ते इथे आले. न सांगता. खाली पहारेकऱ्याने अडवलं, ईरा जाऊन घेऊन आली. माझा स्वेटर आणला होता, थंडी वाढली म्हणून. सोफ्याच्या कडेवर बसले, परक्या घरी बसतात तसे. ईरा चहा ठेवायला आत गेली आणि आतच थांबली.

स्वेटर मांडीवरच ठेवून म्हणाले, "गच्चीवरचं आठवते काय तुले?"

हे मी तुला सांगणार नव्हते. पहिल्या पत्रापासून टाळते आहे. तू म्हणतेस, ती हसेल असं भाऊजी म्हणाले. ते उगीच म्हणाले नाहीत.

तेव्हा दिवाकरराव होते, २०१४ असेल. संध्याकाळी ह्यांनी गच्चीवरून हाक मारली, "विमल, लवकर ये." मला वाटलं सासूबाई जिन्यात पडल्या. बेसनाच्या हातांनी धावत वर गेले. हे कठड्यापाशी उभे, वर बोट. बगळ्यांचा मोठा थवा तळ्याकडे चालला होता आणि मावळतीचं ऊन खालून लागून सगळ्यांची पोटं गुलाबी झाली होती. मी म्हटलं, "ह्याच्यासाठी? तिकडे तेल तापलंय." आणि खाली गेले.

तेवढंच असतं तर गोष्ट वेगळी. पण मी त्याची गंमत केली. त्याच रात्री जेवताना सासूबाईंना सांगितलं. मग शेजारच्यांना. मग ह्यांच्या ऑफिसातले चौघे घरी आले तेव्हा चहा देताना सांगितलं, "आमच्याकडे एक जण बायकोले बगळे पाहायले बोलावते." सगळे हसले. पुढे कित्येक दिवस कोणी आलं की विचारायचं, काय चारुदत्तजी, आज बगळे? हेही हसायचे. मी ते हसणं पाहिलं होतं, इंदू. पाहून मी थांबले नाही, कारण त्या घरात माझ्या बोलण्यावर कोणी हसण्याची ती एकच वेळ होती.

"आठवते," मी म्हटलं.

"त्याच्यानंतर मले तुले काही दाखवायची लाज वाटे."

"अन् कदंब? तो मी तुम्हाले दाखवला होता. तुम्ही हव म्हणून स्कूटर सुरू केली. मलेही लाज वाटली होती. मी कोणाकडे गेले काय मग? मी बोलणंच सोडून दिलं."

"ऐकलं होतं मी," म्हणाले. "मले त्याच्यावर काय बोलायचं ते सुचलं नाही. घरी येईपर्यंत सुचलं नाही. मग राहून गेलं."

"इंदूशी बोलताना कसं सुचलं?"

"ती दूर होती," ते म्हणाले. "दूरच्या माणसाले सांगायले सोपं जाते, विमल. त्याचं तोंड दिसत नाही."

हे सगळं मी त्यांना तोंडावर सांगायचं ते तुला कागदावर लिहिते आहे, हे मलाही दिसतं. पण तेवढ्यावरून त्यांचं बरोबर ठरत नाही. हसल्याची शिक्षा एक महिना असते, एक वर्ष असते. दहा वर्षं आणि त्यात सख्खी बहीण सामील, एवढी नसते.

चहा पिऊन निघाले. दारात म्हणाले, "सगळे पुसून टाकतो."

मी म्हटलं, "हात लावायचा नाही. मी सांगेन काय करायचं ते."

विमल


तात्यापारा, रायपुर
८ जानेवारी २०२५

इंदू,

मी घरी आले. तू लगेच खूश होऊ नको. ईराच्या फ्लॅटवर सकाळी नऊनंतर दिवस खायला उठतो आणि हे घर माझं आहे. ते सोडून मी का राहावं, हे मला एक दिवस कळेनासं झालं, म्हणून आले. दार ह्यांनीच उघडलं. घर झाडलेलं होतं. गॅसवर मुनग्याच्या शेंगांची आमटी होती, शेंगा अर्ध्या कच्च्या. मी तशीच वाढून घेऊन जेवले.

आल्यावरच्या पहिल्या रविवारी दुपारी मी ह्यांना म्हटलं, माझे जेवढे आहेत तेवढे काढा. टेबलाशी बसलो. त्यांनी एकेक उघडला आणि माझ्यासमोर धरला. दोनशेच्या वर निघाले. हात, पाठ, केस, टाचा. उन्हात वाळत घातलेल्या साडीमागची माझी सावली. परीक्षेचे पेपर तपासता तपासता डोकं टेबलावर ठेवून झोपलेली मी, गालाला लाल शाई लागलेली. सासूबाईंना घास भरवताना आपलंही तोंड उघडलेली मी. त्याच्याखाली लिहिलं होतं, 'हिचं हे हिला माहीत नाही.'

तुला वाटेल मी विरघळले. ईराला तसंच वाटलं होतं. ती म्हणाली, "माँ, देखो तो, वो आपको कितना देखते थे." इंदू, पाहत होते हे खरं आहे. ते मी नाकारत नाही. पण त्या पेपरांवर झोपलेल्या बाईच्या खांद्याला कोणी हात लावून म्हटलं नाही, ऊठ, आत जाऊन झोप, उरलेले मी तपासतो. तिचा फोटो काढला आणि वर्ध्याला पाठवला.

मी त्यांना तेच म्हणाले. ह्याच शब्दांत. ते रडले. बत्तीस वर्षं होतील लग्नाला, मी त्यांना आईच्या वेळीही रडताना पाहिलं नव्हतं. मी उठून पाणी दिलं. जवळ घेतलं नाही. तेवढं माझ्याकडून झालं नाही.

आता तुझ्याकडे मागणं आहे. माझे जेवढे तुझ्या मोबाइलमध्ये आहेत तेवढे काढून टाक. कोणाला दाखवायचे नाहीत, एखादा ठेवते म्हणायचं नाही. त्यांनी इकडचे माझ्यासमोर बसून माझ्या मोबाइलवर पाठवले आणि आपले पुसले. बाकीचे, फुलांचे, बायांचे, दवाचे, ठेव. ते तुला उठवायला आले होते, ते मी मागणार नाही.

तू लिहितेस, नोव्हेंबरपासून फोटो बंद झाले, सकाळ रिकामी जाते. मला वाईट वाटावं अशी तुझी इच्छा असेल तर तसं थोडं वाटलं. पण तुझ्या खिडकीबाहेर अख्खं वर्धा आहे, इंदू, भिंत नाही. तिथलं तूच पाहा आता. मला पाठवू नको.

मी आल्यावर ह्यांनी तीनदा गच्चीवरून हाक मारली. दोनदा गेले. एकदा शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या बिजौरीच्या वड्यांवर खारुताई येऊन एकेक उलटून पाहत होती. दुसऱ्यांदा काय होतं ते मला कळलंच नाही, मी म्हटलं, दिसत नाही, तर ते म्हणाले, गेलं. मग दोघंही थोडा वेळ तिथे उभे राहिलो, ऊन बरं होतं. तिसऱ्या वेळी मी गेले नाही. वाचत होते. सकाळचा चहा आता ते करतात. साखर जास्त पडते.

तू म्हणतेस, माफ केलंस ना. मला माहीत नाही. रविवारी तुझा फोन यायच्या वेळेला माझं लक्ष मोबाइलकडे जातं, हे खरं. नंबर अजून उघडलेला नाही, हेही खरं. आपण बोलू लागलो तरी तू "ठीक आहे गं" म्हणालीस तर मी आता मानणार नाही, आणि मी तुझं किती मानेन, ते तू बोलशील तेव्हा कळेल. एवढ्यात येऊ नको. बोलावीन तेव्हा ये.

काल सकाळी भाजीला ब्राह्मणपाऱ्यात गेले होते. परतताना कंकाली तलावाच्या पायऱ्यांपाशी एक गोष्ट पाहिली. पिशवी खाली ठेवून पाहिली. मागून दोन गाड्या हॉर्न वाजवून गेल्या, एका ओळखीच्या बाईने "काय ताई, काय पाहून राहिल्या?" म्हणून विचारलं, तरी ती संपेपर्यंत पाहिली. माझ्याआधी तिथे कोणी आलं नव्हतं.

घरी आले तर हे दारातच पेपर घेऊन बसले होते. चेहऱ्याकडे पाहून म्हणाले, "काय झालं?"

"काही नाही," म्हटलं आणि भाजी आत ठेवली.

त्यांना सांगितलं नाही. तुलाही सांगणार नाही.

विमल